तिथी गुणिले पाऊण: हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे चालायला तास-सव्वा तास, मध्ये बसत, बघत गेलात तर दीड-दोन. अंतर म्हणाल तर पुण्यात लोक सकाळी बागेत याहून जास्त चालतात. पण आम्हाला ती पूर्ण करायला दोन वर्षं लागली. का लागली आणि शेवटी कशी झाली ते नीट लिहून ठेवतोय, कारण तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी माहीत असायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी जागा सांगतो. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. देवळामागे डोंगर थेट समुद्रात घुसलाय. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग म्हसळा, तिथून पुढे. देऊळ पेशव्यांचं कुलदैवत, दक्षिण काशी म्हणतात, अस्थिविसर्जन आणि पिंडदानासाठीही लोक लांबून येतात. इथे दर्शनाचा क्रम ठरलेला आहे, आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर आणि परत येऊन पुन्हा कालभैरव. आणि प्रदक्षिणा देवळाला नाही तर अख्ख्या डोंगराला घालायची. देवळामागून पायऱ्या चढून वर जायचं, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी खाली समुद्रावर उतरायचं, आणि मग उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र ठेवत कातळावरून चालत किनाऱ्यावर यायचं. घळीपर्यंतची वाट माणसाने बांधलेली आहे, खालची समुद्राने केलेली, आणि ती दिवसातून दोन वेळा पाण्याखाली जाते. सगळी गोम यातच आहे.

पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात, मी, बायको आणि लेक, लेक तेव्हा सात वर्षांची. जिथे उतरलो होतो तिथे विचारलं, प्रदक्षिणा कधी करायची? तर उत्तर मिळालं, जा हो, काही होत नाही, लोक दिवसभर जात असतात. आम्ही आरामात नाश्ता केला, दर्शन घेतलं आणि साडेअकराच्या सुमारास वर चढलो. भरतीच्या वेळी जाऊ नका असा बोर्ड वाचला मी, वाचला नाही असं नाही, पण भरती आत्ता आहे की नंतर हे त्यावरून कसं कळणार. पुढे दोघं-तिघं चालले होते, आम्ही त्यांच्या मागे. घळीत अर्ध्यावर उतरलो आणि खालून एक आवाज यायला लागला, पोकळ, म्हणजे मोठ्या रिकाम्या पिंपावर कोणी तळहात मारावा तसा. शेवटच्या आठ-दहा पायऱ्या ओल्या होत्या. मी लेकीचा हात धरून थांबलो, बायको दोन पायऱ्या पुढे होती, आणि तेवढ्यात एक लाट सरळ घळीत शिरली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. येताना काही वाटलं नाही, पण जाताना त्याने जी ओढ घेतली ना, ती मला अजून दिसते. तिने भिंतीला हात टेकला म्हणून वाचली. कोपर सोलवटलं, एक सँडल गेली. पुढे गेलेले लोकही धावत परत आले, त्यांच्यातला एकजण छातीपर्यंत भिजलेला. कोणी काही बोलत नव्हतं.

आम्ही वर आलो, सामान भरलं आणि दुपारीच निघालो. बायकोचं कोपर आठवड्यात बरं झालं, पण लेकीच्या मनात ते पाणी बसलं. नंतर अलिबागला गेलो तर ती वाळूवरून पुढे यायलाच तयार नाही, घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा नाही, एवढंच म्हणायची की पाणी आत येतं. बापाला हे बघणं सोपं नसतं. तिला तिथे मी नेलं होतं.

त्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण, आता सदुसष्ट वर्षांची, लग्न होईपर्यंत श्रीवर्धनजवळच वाढलेली. वडील नोकरीसाठी लवकर पुण्याला आले आणि लवकरच गेलेही, त्यामुळे कोकण आमच्या घरात गोष्टींपुरतंच राहिलं. तर आत्याला हे सगळं सांगितलं. तिने कोपर विचारलं नाही, सँडल विचारली नाही, पहिला प्रश्न विचारला,

"तिथी कोणती होती?"

मला कुठली माहीत असणार. जुनं कॅलेंडर मोबाईलवर काढलं तर अमावस्या.

"अमावस्येला साडेअकराला उतरलात? अरे, तेव्हा पाणी चढत असतं, बारा-साडेबाराला पुरं भरतं. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बारा म्हणजे उधाणाची वेळ. हे लहान पोरालाही ठाऊक असतं आमच्याकडे." मग थोडं थांबून म्हणाली, "तुझा बाप असता तर त्यानेच सांगितलं असतं."

आणि मग तिने ते गणित सांगितलं जे माझ्या आजोबांनी तिला सांगितलं होतं, किनाऱ्यावरच्या बऱ्याच लोकांना तोंडपाठ असतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरती पूर्ण व्हायची वेळ. प्रतिपदा एक, द्वितीया दोन, असं पंधरापर्यंत, आणि पौर्णिमा झाली की परत एकपासून. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती, रात्री तीनला आणि दुपारी तीनच्या पुढे. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास आणि वर थोडं मिळवलं की ओहोटीची वेळ. बास. ना नेट लागतं ना काही.

माझं मन एवढ्यावर मानेना, म्हणून मी दोन-तीन महिने रोज हे गणित करून मोबाईलवरच्या भरतीच्या वेळांशी ताडून बघितलं. कधी पंधरा मिनिटांचा फरक, कधी अर्ध्या-पाऊण तासाचा, पण सकाळ की दुपार असा घोळ एकदाही झाला नाही. त्याचं कारणही सरळ आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून भरती दर दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कारण तेवढ्या वेळात चंद्र पुढे सरकलेला असतो. आणि तिथीही चंद्राच्याच चालीवर मोजलेली. रोजचे ५० मिनिटं म्हणजे पाऊण तासच जवळजवळ. ज्याने कोणी हे पहिल्यांदा जुळवलं असेल त्याने किती वर्षं पाण्याकडे बघितलं असेल, या विचाराने मला खरंच भरून आलं होतं. घरात रोज कॅलेंडर बघतो आपण, चतुर्थी-एकादशी बघतो, आणि त्याच चौकोनात समुद्राचं वेळापत्रक लिहिलेलं आहे हे मला चाळिशीत कळलं.

दुसरी गोष्ट आत्याने सांगितली ती उधाण आणि भांग यांची. अमावस्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण, म्हणजे भरतीला पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच खूप खाली जातं. मुंबईत साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या बातम्या पावसाळ्यात येतात त्या याच दिवसांच्या. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. म्हणून प्रदक्षिणेला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे उधाणाच्या दिवसातली ओहोटी, कातळ लांबवर उघडा पडतो. म्हणजे ज्या दिवसांनी आम्हाला मागे परतवलं तेच दिवस, फक्त वेळ दुसरी. हे ऐकून माझी बायको म्हणाली, मग मी येणार परत. लेक काही बोलली नाही.

हे जमवायला पुढचं वर्ष गेलं. आत्याचा गुडघा, लेकीची शाळा, मग पावसाळा, आणि पावसाळ्यात तर तिकडे जायचा प्रश्नच नाही, तेव्हा ओहोटी असली तरी लाटा मोठ्या असतात आणि कातळ शेवाळलेला. शेवटी डिसेंबर ठरला. दत्तजयंतीची पौर्णिमा झाली आणि तिसऱ्या दिवशी रविवार येत होता, वद्य तृतीया. तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. रात्री सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. हे गणित लेकीने कागदावर केलं. मी मुद्दाम तिलाच करायला दिलं होतं.

शनिवारी पहाटे निघालो, दुपारी पोचलो. म्हसळ्याच्या पुढे आत्या गप्प झाली होती. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला याच पट्ट्यात धडकलं, श्रीवर्धनचा रोठा म्हणजे इथली सुपारी, तिच्या वाड्याच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. आमच्या आजोबांची वाडी कधीच विकली गेलीय, पण आत्याला ती जागा बघायची होती. गाडी थांबवली. गडग्यापलीकडे नवीन लावलेली रोपं होती, आता चांगली वाढलेली, आणि मध्ये मध्ये जुनी उंच झाडं, एकेकटी. एकेकाळी इथे भर उन्हात वाडीत शिरलं की अंधार वाटायचा, असं आत्या म्हणाली. सुपारी लावल्यावर धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात, तोवर घर कशावर चालवायचं? ती गडग्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, मग स्वतःच म्हणाली, चल.

या वेळी राहायला गावातल्या एका घरी होतो, घरगुती जेवण. काकूंना मी आल्या आल्या विचारलं, "काकू, उद्या ओहोटी कधीची?" त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "साडेआठ. तुम्ही साडेसातला देवळात असा, आठाच्या आत खाली उतरा. पाणी उतरत असतानाच उतरायचं, चढायला लागल्यावर नाही." हेच महत्त्वाचं. ओहोटी साडेआठला म्हणून साडेआठला उतरायचं नाही, तास-दीड तास आधी निघायचं, म्हणजे अर्धी वाट पाणी मागे जात असताना होते आणि कुठे कोणाचा पाय मुरगळला, दम लागला, तरी हातात वेळ उरतो.

सकाळी साडेसातला कालभैरव, हरिहरेश्वर, परत कालभैरव. त्या दिवशी संकष्टी होती, तृतीया असली तरी चंद्रोदयाला चतुर्थी, त्यामुळे आत्या फक्त चहा घेऊन निघालेली. चपला तिने देवळातच ठेवल्या. मी म्हटलं, आत्या, खाली कालवं असतील, पाय कापेल. ती म्हणाली, "मी सहा वर्षांची असल्यापासून अनवाणी आलेय, आता काय चपला घालू?" आम्ही तिघांनी मात्र पट्ट्याच्या घट्ट सँडल घातल्या होत्या, आणि ज्याला सवय नाही त्याने तसंच करावं.

वर चढताना आत्या प्रत्येक वळणावर थांबत होती. वर पोचलो आणि वारा लागला. समुद्र खाली, शांत, अजून उन्हाचा रंग न आलेला, कारण सूर्य आमच्या मागे डोंगराआड होता. दक्षिणेला सावित्रीचं मुख आणि पलीकडे बाणकोटची बाजू, तिकडेच वेळास, जिथे कासवांची अंडी जपतात. बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोट जाते ती याच खाडीतून. महाबळेश्वरला उगम पावणारी नदी इथे येऊन संपते.

मग घळ. लेक पहिल्या पायरीवर थांबली. दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये दोन माणसं कशीबशी शेजारी उभी राहतील एवढी फट, खाली पायऱ्या आणि तळाशी उजेडाची एक उभी पट्टी. ती काही बोलेना. मी म्हणणार होतो की अगं काही नाही होत, पण हेच वाक्य आम्हाला त्या वेळी कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून गप्प बसलो. आत्या खाली बसली पायरीवर आणि म्हणाली, "ऐक. आवाज ऐक. आहे का काही?" सगळे ऐकत राहिलो. पिंपावर हात मारल्याचा तो आवाज नव्हता. लांब कुठेतरी लाट फुटत होती, तेवढंच. "पाणी घळीत असलं की घळ बोलते. आत्ता ती गप्प आहे. तुझ्या गणिताप्रमाणे पाणी कुठे असायला हवं?" लेक म्हणाली, खाली. "मग बघूया का बरोबर आलं ते?" आणि ती उठली. आत्याचा हात धरून उतरली, माझा नाही.

खाली आलो तेव्हा जिथे बायकोच्या गुडघ्याला पाणी लागलं होतं तिथली पायरी चक्क कोरडी होती. बायको तिथे जरा थांबली, भिंतीला हात लावला तिने, जिथे तेव्हा टेकला होता साधारण तिथेच.

पुढची वाट म्हणजे वाट नाही, कातळाचा एक मोठा सडा आहे, लाटांनी डोंगर खाऊन खाऊन केलेला. वर कडा, पायाशी सपाट पण खाचखळग्यांचा दगड, आणि त्यापलीकडे समुद्र. दगड आपल्या सह्याद्रीचाच, लाव्हा थंड होऊन झालेला काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना. सकाळी या बाजूला डोंगराची सावली असते, त्यामुळे गार होतं, दगडही गार.

चालायचं कसं हे आत्याने पहिल्या दहा पावलांत शिकवलं. काळा कोरडा दगड बिनधास्त. पांढरट खरखरीत पापुद्रा असलेला, म्हणजे ज्यावर बारीक शंखासारखी कवचं चिकटलेली असतात, तिथे पकड घट्ट मिळते पण पडलात तर सालटं निघतं. हिरवा आणि चकचकीत दिसला की त्यावर पाय नाही म्हणजे नाही, मग वळसा कितीही पडो. आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. ओहोटी असली तरी मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा मोठी येते. लोक इथे वाहून गेलेत, आणि बरेचदा काठाशी जाऊन पाठमोरं उभं राहिल्यामुळेच. आत्या हे सांगताना एक नाव घेऊन थांबली, तिच्या वर्गातला कोणीतरी. मी पुढे विचारलं नाही.

आणि मग ती जाळी. ज्याने हरिहरेश्वरचे फोटो बघितलेत त्याने ही बघितली असणार, पण फोटोत ती कळत नाही. कड्याच्या भिंतीवर हातभर, दोन हात, कुठे पुरुषभर उंचीपर्यंत दगडाला भोकंच भोकं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, मध्ये बोटभर जाडीच्या भिंती, त्याही वळणावळणाच्या. मी जवळ जाऊन एका भोकात बोट घातलं. आतून दगड रवाळ, बोटाला कण लागले. त्याच्या कडेला हात लावला तर ती मात्र टणक. समुद्राचे तुषार उडतात, ते खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतं, उन्हात पाणी उडून जातं आणि मीठ आतच राहून त्याचे खडे वाढतात, ते खडे दगडाला आतून ढकलतात आणि एकेक कण सुटतो. दिवसाला किती सुटत असेल, दिसणारही नाही इतका. खड्डा झाला की त्यात ओल जास्त टिकते, मग तिथेच जास्त झिजतं, आणि कडा उभ्या राहतात. लाटेच्या माराने झालेलं नाही हे, मिठाने झालंय. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं, पण लेकीला सांगत होतो तेवढ्यात तिने खालच्या एका खळग्याकडे बोट दाखवलं. वाटीएवढा खळगा, पाणी सुकून गेलेलं, आणि तळाशी पांढरी साय धरल्यासारखा थर. तिने नखाने खरवडलं आणि जिभेला लावलं. "मीठ आहे खरंच!" असं ओरडली ती. मग आम्ही सगळ्यांनीच चाखलं, आत्याने नाही, कपाळाला लावलं फक्त.

पुढे दगडात मोठाले रांजणखळगे आहेत, भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी गोल गोल फिरून कोरलेले. त्यांत पाणी साठून राहिलेलं, आणि त्या पाण्यात एकेक जग. इवलाले मासे, दगडाच्याच रंगाचे, सावली पडली की गायब. शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे. एका डबक्यात समुद्रफूल होतं, दगडाला चिकटलेलं, मऊ पाकळ्या पसरून. लेक त्या डबक्याशी पोटावर आडवी झाली आणि तिथून दहा मिनिटं उठली नाही. तिचा चेहरा पाण्यापासून वीतभर अंतरावर होता. दीड वर्ष जे पोर घोट्याएवढ्या पाण्यात पाय टाकत नव्हतं ते असं आडवं झालेलं बघून मला काय वाटलं ते मी इथे लिहू शकणार नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं फक्त.

तिथून जरा पुढे दोन बायका खडपावर वाकून कालवं काढत होत्या. टोकदार लोखंडी हत्याराने टोच मारायची, वरचं कवच उचकटायचं, आतलं मांस डब्यात. एकीशी आत्या बोलायला लागली आणि दोन मिनिटांत गाव, माहेर, आडनाव सगळं निघालं. त्या म्हणाल्या, आम्ही तिथी बघूनच येतो, दशमी-एकादशीला इथे काही मिळत नाही, पाणी उघडूनच देत नाही. हात बघितले त्यांचे, बोटांवर बारीक बारीक चिरा, काही जुन्या, काही ताज्या. डबाभर कालवांसाठी किती टोच मारावे लागत असतील.

वाटेत गायत्री तीर्थ, शुक्ल तीर्थ, विष्णुपद अशी ठिकाणं लागतात. आत्याला प्रत्येकाची जागा पाठ होती, एके ठिकाणी तिने वाकून ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं, माझ्या वडिलांचं नाव घेतलं आणि सोडलं. मला ती असं करणार आहे हे माहीत नव्हतं. मीही ओंजळ भरली. लेकीनेही, तिने तर आजोबांना बघितलेलंही नाही.

वर कड्याकडे बघितलं तेव्हा एक मोठा पक्षी हळूहळू गोल घेत होता, पोट पांढरंशुभ्र, पंखांची कड काळपट. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. आत्या म्हणाली, आम्ही याला काकण म्हणायचो.

पावणेदहाच्या आधी आम्ही पुळणीवर आलो. सावली संपली आणि ऊन एकदम अंगावर आलं. मागे वळून बघितलं तर पाणी चढायला लागलं होतं, अजून फार नाही, पण ज्या डबक्याशी लेक आडवी झाली होती त्याच्या अलीकडच्या खडपांवर पांढरा फेस यायला लागला होता. आत्याच्या उजव्या टाचेला कालवाने एक चीर गेली होती, तिने ती दाखवली नव्हती, वाळूत पडलेल्या लाल ठिपक्यांवरून कळलं. काकूंकडे जाऊन हळद भरली. आम्हाला घावन आणि नारळाचं दूध मिळालं, आत्याला साबुदाण्याची खिचडी.

दुपारी निघायच्या आधी, पावणेतीनच्या सुमारास, मी आणि लेक परत देवळामागून वर गेलो. तिलाच बघायचं होतं. तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन, आणि रात्रीनंतरची दुसरी भरती म्हणून आणखी पंचवीस मिनिटं, म्हणजे दोन चाळीस, हे तिने वाटेतच सांगितलं. वरून बघितलं तर खाली सडाच नव्हता. कड्याच्या पायाला थेट पाणी, हिरवंकाळं, आणि लाट आपटली की तुषार त्या जाळीपर्यंत उडत होते, जिथे मी बोट घातलं होतं. घळीतून तो आवाज येत होता. लेकीने माझा हात धरला, पण मागे सरकली नाही.

घळीच्या तोंडाशी एक कुटुंब उभं होतं, आजी, आजोबा, दोन लहान मुलं. तिथे उभ्या असलेल्या माणसाने त्यांना खाली जाऊ दिलं नव्हतं आणि घरातला कर्ता माणूस वैतागलेला, एवढ्या लांबून आलो, म्हणत होता. मी त्यांना म्हटलं, दादा, आज नका जाऊ, उद्या चतुर्थी आहे, सकाळी सव्वानऊला पूर्ण ओहोटी असेल, आठला इथे असलात तर आजी-आजोबांनाही जमेल. त्याने विचारलं, तुम्ही इथलेच का? मी नाही म्हणणार होतो, पण लेक मध्येच म्हणाली, माझी आजी इथली आहे. मग तिने त्यांच्या मोठ्या मुलीला बाजूला घेऊन बोटांवर गणित शिकवायला सुरुवात केली, आणि आम्हाला निघायला अर्धा तास उशीर झाला.